दारावरचा बोरू

चर्चमध्ये पुढून तिसऱ्या बाकावर, खिडकीला लागून मासेबिना बसायची. ती जागा मिळवायला तिला चार वर्षं लागली होती. तिचा नवरा हिऱ्यांच्या खाणीत कामाला गेला आणि तिकडेच दगावला. त्याला कुठे पुरलं हे विचारायला ती दोन वेळा खालच्या मुलखात जाऊन आली, पण कुणाला नीट सांगता आलं नाही. दुसऱ्यांदा परत आली त्या दिवशी तिने घरातले दारूचे रांजण उपडे केले. तिच्या हातच्या ज्वारीच्या दारूसाठी दोन डोंगर ओलांडून माणसं यायची, ती फार हळहळली. मासेबिना मात्र पाळकांच्या वर्गात जाऊन बसू लागली. वाचता येत नव्हतं, म्हणून दळताना प्रश्नोत्तरं घोकायची. चौथ्या वर्षी ईस्टरला तिने प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा पहिल्यांदा हातात घेतला आणि घरी येताना शेजारच्या मामोसेलेला म्हणाली, "आता माझं नाव मंडळीच्या वहीत आहे. मी मेले तर कुठे पुरलं ते तरी कळेल."

"मेल्यावर तुला काय करायचंय कळून?"

"मला नाही गं. माझा सेबिना विचारायला येईल, त्याला."

सेबिना तिचा एकुलता मुलगा, खालच्या मुलखात शिंपीकाम करायचा, वर्षा-दोन वर्षांनी यायचा.

प्रभुभोजन वर्षातून चार वेळा. त्याची गव्हाची भाकरी पुढे मासेबिनाच भाजू लागली. युरोपातून आलेल्या पाळक रोशांच्या घरामागे मातीची भट्टी होती. आदल्या दिवशी ती भट्टी सारवायची, शेणकुटं पेटवायची आणि भाकरी होईपर्यंत कुणाशी बोलायची नाही.

तिचं दुसरं काम बाळंतपणाचं. हा-मातेबा या तिच्या गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती, आणि तिची सगळी अडचण याच कामातून आली. बाळ झालं की दारावरच्या गवती छपरात बोरूची एक लांब दांडी खोचायची, ही डोंगरातली रीत. दांडी दिसली की पुरुषांनी आत यायचं नाही. जो लांबून आलाय त्याने तर अंगणाबाहेरच थांबायचं, कारण त्याचे पाय तापलेले असतात आणि तापलेले पाय बाळाला सोसत नाहीत. बापाला बातमी तोंडाने सांगायची नाही. मुलगा झाला असेल तर बायका काठ्या घेऊन त्याच्यावर धावतात, मुलगी झाली असेल तर दबा धरून त्याच्या अंगावर पाणी ओततात. म्हणजे त्याला कळतं.

रोशा नवे होते तेव्हा त्यांनी रविवारच्या उपदेशात सांगून टाकलं होतं की हे सगळं अंधाराचं काम आहे. बोरू नाही, काठी नाही, पाणी नाही. जो करील तो सहा महिने दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसेल आणि त्याला प्रभूची भाकरी मिळणार नाही. रोशा वाईट माणूस नव्हते. हिमवर्षावात घोडा हाकून आजाऱ्याकडे जायचे, शाळेचं छप्पर स्वतः शाकारायचे. पण एकदा वहीत लिहिलं की त्यांच्याकडून ते खोडलं जात नसे.

मासेबिनाने नियम पाळला. तिच्यापरीने पाळला. ती बाळ आणायची, नाळ कापायची, हात धुवायची आणि अंगणात जाऊन उभी राहायची. मग मंडळीत नसलेली एखादी बाई येऊन बोरू खोचायची.

"तू बघत नाहीस ना?" ती बाई विचारायची.

"मी डोंगराकडे बघतेय."

रोशांची बायको एलीझ लग्न होऊन आली तेव्हा गावच्या बायकांनी नव्या सुनेला देतात तसं तिला नाव दिलं होतं, मालिनेओ. म्हणजे लिनेओची आई. लिनेओ अजून व्हायची होती. पहिला झाला तो मुलगा. पाळकांच्या घरी मुलगा झाला म्हणून सगळं गाव लोटलं. रोशांनी कुणालाही अडवलं नाही. देवाच्या माणसाचं दार उघडंच हवं, असं ते म्हणाले. घोड्यावरून आलेले, खोकणारे, मेंढरांत झोपून आलेले, सगळे पाळण्यात वाकून गेले. नवव्या दिवशी बाळाला ताप भरला आणि अकराव्या दिवशी ते गेलं. दुसराही मुलगा. तो दोन आठवडे जगला. दोघांच्या कबरी भट्टीच्या पलीकडे, पीचच्या झाडांखाली आहेत. दोन्ही वेळा मासेबिना अंगणात उभी राहून डोंगराकडे बघत होती. फरक एवढाच की पाळकांच्या दारावर बोरू खोचायला दुसरी कुणी बाई आली नव्हती. कुणाची छाती झाली नाही.

तिसऱ्या वेळी दिवस भरायला दीड महिना होता म्हणून रोशा मिशनच्या वार्षिक सभेला खालच्या मुलखात गेले. पाच दिवसांची वाट. ते गेल्यावर चौथ्या दिवशी खिंडीत बर्फ पडलं आणि पाचव्या दिवशी सकाळी मालिनेओला कळा सुरू झाल्या. दुपारच्या आत मुलगी झाली. एवढीशी, मासेबिनाच्या दोन ओंजळींत मावेल एवढी, पण रडली खणखणीत.

मासेबिनाने नाळ कापली, हात धुतले. अंगणात जायला निघाली तेव्हा मालिनेओने तिचा हात धरला.

"कुठे निघालीस?"

"बाहेर. जरा उभी राहते."

"मला माहीत आहे तू बाहेर जाऊन काय करतेस. आज नको करूस." मालिनेओ डोळे मिटून बोलत होती. "म्मे," तिने आईला मारावी तशी हाक मारली, "ती दांडी लाव."

"मालिनेओ, तुमच्या धन्यांनीच तर..."

"मी त्यांना सांगेन मी सांगितलं म्हणून."

मासेबिनाने विळा उचलला. ती नदीवर गेली. काठावरचं पाणी थिजलं होतं. बोरू कापताना तिच्या डोळ्यांसमोर तिसरा बाक होता, खिडकी होती, वहीतलं नाव होतं. मालिनेओने सांगितलं म्हणून आपण सुटू, असं तिला एकदाही वाटलं नाही. सांगणारा सांगतो, खोचणारा हात खोचणाऱ्याचाच. मंडळीत नसलेल्या बाईला हाक मारावी, असंही मनात येऊन गेलं. मग ती वर आली आणि पाळकांच्या दारावरच्या गवतात दांडी स्वतःच्या हाताने खोचली.

त्या दिवसापासून दारात तीच बसली. मंडळीतले ज्येष्ठ मोखेले सगळ्यांत आधी आले. हातात काठी, खांद्यावर घोंगडी.

"मासेबिना, हे काय?"

"बोरू, न्ताते." वडीलधाऱ्या पुरुषाला न्ताते म्हणायचं, मग तो भांडायला आलेला का असेना.

"ते मलाही दिसतंय. माझे डोळे गेलेले नाहीत. हे पाळकांचं घर आहे!"

"म्हणूनच मोठा कापला."

मोखेले बराच वेळ दांडीकडे बघत उभे राहिले. आत शिरले मात्र नाहीत. "पाळक आल्यावर बघू," म्हणाले आणि खोकत निघून गेले.

नववा दिवस गेला. अकरावा गेला. तेराव्या दिवशी दुपारी मामोसेले धापा टाकत आली. "आला गं! करडा घोडा खिंडीतून उतरतोय!"

डोंगरात माणसाचं तोंड कुणी बघत नाही. दोन डोंगरांवरून घोडा दिसतो आणि घोड्यावरून माणूस कळतो. करडा घोडा म्हणजे रोशा, यात कुणाला शंका नव्हती. बायकांनी मासेबिनाला विचारलंसुद्धा नाही. आठजणी कुंपणाच्या भिंतीआड बसल्या, मध्ये झऱ्यावरून आणलेली भरलेली बादली. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता.

"ए, तुम्हाला शेवटच्या बाकावर बसवतील," मासेबिना दारातून म्हणाली.

"आठजणींना जागा आहे का तिथे?" मामोसेलेने भिंतीमागून विचारलं. बाकीच्या तोंडाला घोंगडी लावून हसू लागल्या.

घोडेस्वार फाटकाशी उतरला. डोक्यापासून पायापर्यंत घोंगडीत गुंडाळलेला, टोपी कानावर ओढलेली. दोन पावलं टाकली आणि सगळी बादली त्याच्या डोक्यावर. बायकांनी जी किलकारी मारली ती नदीपलीकडे ऐकू गेली.

घोंगडी खाली पडली. आत पांढरी दाढी होती. ती रोशांची नव्हती.

फाटकाबाहेर भाड्याच्या लाल घोड्यावरून रोशा उतरत होते. पाहुणे म्हणजे युरोपातून मिशनच्या पाहणीला आलेले मोठे साहेब. डोंगराची सवय नाही म्हणून रोशांनी त्यांना आपला गरीब करडा घोडा दिला होता.

 साहेबांच्या दाढीतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी रोशांना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. रोशांचं लक्ष खिडकीकडे होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाण्याचा अर्थ त्यांना गावातल्या कुणाहीइतका कळत होता. तेवढ्यात खिडकीतून मालिनेओचा आवाज आला. काय म्हणाली ते बायकांना कळलं नाही, पण ती हसत होती आणि रडत होती. साहेबांनी ऐकलं, ओली टोपी काढली आणि खिडकीकडे वळून वाकले.

रोशा धावत दाराशी आले. दारात मासेबिना.

"बाजूला हो."

"न्ताते, पाय तापलेत."

"हे माझं घर आहे, मासेबिना."

"हो, न्ताते. पाच दिवसांची वाट चालून आलात. भाड्याचा घोडा, भाड्याची झोपडी, कुठे कुठे झोपलात. उद्या सकाळी आंघोळ करा, कपडे बदला, मग या. आज खिडकीतून बघा."

रोशांनी मान वर केली. गवतात खोचलेली दांडी त्यांना तेव्हा दिसली. पीचच्या झाडांकडे त्यांची नजर गेली आणि परत आली. आतून मालिनेओने नवऱ्याला नावाने हाक मारली, "एमिल, थांब."

ते थांबले. खिडकीसमोर दळायचा जुना दगड होता, त्यावर बसले. मासेबिनाने बाळ खिडकीशी आणलं, दुपटं बाजूला केलं. रोशा बसल्या जागेवरून बघत राहिले. साहेबांना शाळेत नेऊन कुणीतरी कोरडी घोंगडी दिली. ऊन उतरलं तरी रोशा दगडावरच होते.

साहेब भिजले नसते तर कदाचित बोरूचं प्रकरण गुपचूप विरून गेलं असतं. पण पाहुणा भिजला होता आणि आठवडाभरात खोऱ्यातल्या प्रत्येक गावाला ते माहीत झालं. साहेब परत गेल्यावर मंडळीच्या ज्येष्ठांची बैठक शाळेत भरली. बाहेर खिडकीला बायका लगडल्या होत्या.

"पाणी कुणी ओतलं?" मोखेल्यांनी विचारलं.

"मी," मामोसेले खिडकीतून म्हणाली.

"मी," दुसरी म्हणाली. मग तिसरी, चौथी. आठहीजणी.

"एक बादली आठजणींनी ओतली?"

"जड होती, न्ताते."

"आठजणींना मागे बसवलं तर गाणार कोण?" दुसरे ज्येष्ठ हळूच म्हणाले. "तुम्ही? तुमचा आवाज आम्ही ऐकलाय."

मोखेल्यांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, पण पाण्याचा विषय तिथेच राहिला. बोरूचा राहिला नाही. मोखेले कडक होते, पण दुटप्पी नव्हते; नातवाच्या वेळी बोरू खोचला म्हणून सख्ख्या भावाला त्यांनी सहा महिने मागे बसवलं होतं. ते म्हणाले, "मासेबिना, बोरू तुला कुणी लावायला सांगितला?"

मालिनेओने नवऱ्याला आधीच सगळं सांगितलं होतं. रोशांनी तोंड उघडलं. मासेबिना त्यांच्या आधी बोलली.

"नदीवर मी गेले. कापला मी, खोचला मी."

रोशांनी विचारलं, "बोरूने मूल जगतं असं तुला वाटतं का?"

"नाही, न्ताते. मूल देव जगवतो. बोरू माणसांना बाहेर ठेवतो. पहिल्या दोघांच्या वेळी मी माणसं मोजली नाहीत, पण फार होती."

 खिडकीतून मामोसेले म्हणाली, "आणि स्वतः पाळकही दगडावर..."

"मामोसेले!" मासेबिना वळली. "तुला कुणी विचारलं? गप्प बस."

 रोशांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "नियम मी लिहिला. माझ्या घरासाठी मीच तो खोडला तर मोखेल्यांच्या भावाला काय सांगू? सहा महिने, मासेबिना."

"हो, न्ताते."

"भाकरी यावेळी दुसरी कुणी भाजेल."

इथे मात्र ती एक पाऊल पुढे आली. "दुसरीला भट्टी कळत नाही. एका बाजूने जळेल. खायची नाही असं नियमात आहे. भाजायची नाही असं कुठे आहे?"

ज्येष्ठांनी एकमेकांकडे पाहिलं. तसं नियमात खरंच नव्हतं.

ऑगस्ट संपताना, म्हणजे तिकडचा हिवाळा सरताना, प्रभुभोजनाचा रविवार आला. मासेबिनाने भाकरी भाजून फडक्यात बांधून दिली आणि जाऊन दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली. वारा थेट पाठीवर येत होता. तिथे दारू प्यायल्याबद्दल दोघे पुरुष आधीच बसलेले होते. त्यातला एक सरकला.

"या म्मे, या. तुमच्याच हातच्या दारूने आम्हाला ही गोडी लागली. तुम्हीच यायला उशीर केलात."

"सरक आणखी," ती म्हणाली. पण तिचं लक्ष पुढे तिसऱ्या बाकावर होतं. खिडकीजवळची जागा रिकामी होती. मामोसेलेने तिथे आपली घोंगडी घडी करून ठेवली होती.

त्याच रविवारी बाळाचा बाप्तिस्मा होता. रोशा पहाटे नदीपलीकडच्या गावातून घोड्यावर येऊन तसेच चर्चमध्ये उभे राहिले होते. बुटांवर चिखल होता. त्यांनी पाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं आणि बाळाला आणायला सांगितलं. मालिनेओ बाळाला घेऊन उठली. सगळ्यांना वाटलं ती पुढे जाईल. ती मागे वळली, बाकांमधून चालत शेवटपर्यंत आली आणि बाळ मासेबिनाच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, हे काय!" मासेबिना कुजबुजली. "मी शिस्तीत बसलेय. मला धरता येत नाही. घे, घे परत."

"तिला तुझ्याच हातात गप्प राहायला आवडतं," मालिनेओ म्हणाली आणि दारू प्यायलेल्या दोघांच्या बाजूला दाटीने बसली. ते दोघे इतके दचकले की एक जण जवळजवळ खाली पडला.

मोखेले उठून उभे राहिले. खाकरले. कुणाला वाटलं ते आता बोलतील. पण बाळाने जांभई दिली, तोंड भरून, आणि ते परत बसले.

चर्चमध्ये सगळ्या माना पुढे वळल्या. रोशा टेबलामागे उभे होते. त्यांचा एक हात भांड्यावर होता. मग त्यांनी भांडं उचललं आणि बाकांमधून चालू लागले. पाणी हिंदकळत होतं, त्यांच्या चिखलाच्या बुटांवर सांडत होतं. तिसरा बाक गेला, सहावा गेला. मासेबिनाने बाळाला नकळत छातीशी जवळ धरलं. रोशांना ते दिसलं. तिच्यापासून चार पावलांवर ते थांबले. त्यांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं आणि तिथेच उभे राहिले.

 बाहेर त्यांचा घोडा दाव्याला हिसका देत होता.

"निवले असतील आता, न्ताते," मासेबिना हळू म्हणाली. "या."

ते आले. बाप्तिस्म्याचं नाव विचारलं तेव्हा मालिनेओने दोन नावं सांगितली, पहिलं त्यांच्या देशातलं, दुसरं लिनेओ. गार पाणी डोक्यावर पडताच पोरीने टाहो फोडला आणि पुढच्या बाकांवरून आठजणींनी, चर्च आहे हे विसरून, किलकारी मारली.

भाकरी त्या दिवशी पुढच्या बाकांवर फिरली आणि शेवटच्या बाकाआधी थांबली. मासेबिनाने ती फिरताना पाहिली. दोन्ही बाजूंनी सारखी भाजली होती. मालिनेओ तिच्या शेजारून उठली नाही.

सहा महिने तिने पुरे केले. डिसेंबरात मोखेल्यांनी निरोप पाठवला की चार महिने झाले, बैठकीत विचार करता येईल. तिने निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "न्तातेंना म्हणावं, दोन राहिलेत. आणि तुमच्या भावाचे सहाच्या सहा झाले होते." नियम रोशांनी वहीतून खोडला नाही. पण पुढे एखाद्या घरी बाळ झालं की ते अंगणाबाहेरच घोडा थांबवायचे, दाराच्या वर बघायचे नाहीत, आणि हाक मारायचे, "मी लांबून आलोय, इथूनच प्रार्थना करतो." आणि बोरू कुणी खोचला हे विचारायचे नाहीत.

फेब्रुवारी उजाडला तेव्हा मासेबिना पुढे येऊन तिसऱ्या बाकापाशी उभी राहिली. जागेवर मामोसेलेची घोंगडी होती.

"उचल हे तुझं."

"सहा महिने राखली, निदान बरं तरी म्हण."

"बरं," मासेबिना म्हणाली, घोंगडी तिच्या मांडीवर टाकली आणि खिडकीला लागून बसली.